म्यूलर, गेर्ड
(३ नोव्हेंबर १९४५ – १५ ऑगस्ट २०२१). पश्चिम जर्मनीचा विख्यात स्ट्रायकर आणि नंतर बायर्न म्युनिकच्या दुसऱ्या संघाचा सहायक प्रशिक्षक. जन्म बव्हेरियातील नॉर्डलिंगेन येथे. गावच्या क्लबातून तो १९६४ मध्ये बायर्नकडे आला. हा संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता आणि पुढच्याच वर्षी बुंडेसलिगात पोचला.

म्यूलर बुटका, मांड्यांनी भरदार. पण याच ठेंगण्या बांध्यामुळे बचावपटूला पाठीवर घेऊन तो जागच्या जागी गर्रकन वळे. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध ४३ व्या मिनिटाला हेच दिसले. सहकारी बोनहोफने उजवीकडून दिलेला चेंडू म्यूलरच्या पायाला लागून मागे गेला. तो दोन पावले मागे सरला, वळला आणि जमिनीलगत फटका मारला. जर्मनीने सामना २–१ असा जिंकला. त्या गोलात देखणेपण शोधू नये. गोलसमोरच्या गर्दीत इतक्या झटपट सावरणारा दुसरा खेळाडू मात्र झाला नाही. या सामन्यानंतर म्यूलर राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला : ६२ सामने, ६८ गोल. १९७० च्या विश्वचषकात त्याचे १० गोल होते, आणि त्याच वर्षी तो युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. बायर्नबरोबर त्याने १९७४ ते १९७६ असे सलग तीन युरोपियन कप जिंकले.

१९७९ मध्ये तो अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सकडे गेला. खेळ सुटल्यावर दारूचे व्यसन जडले. १९९१ मध्ये उली ह्योनेस आणि इतर जुन्या सहकाऱ्यांनी त्याला उपचार घ्यायला लावले, आणि बरा होताच बायर्नने त्याला कामावर घेतले. उपकार म्हणून दिलेली ही मानाची खुर्ची नव्हती. दुसऱ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक हेरमान गेर्लांडच्या जोडीला तो रोज मैदानावर उभा राही. फिलिप लाम, बास्टियन श्वाइनस्टायगर, थॉमस म्यूलर (नात्याने कोणी नव्हे) हे सारे या संघातून वर आले. कारकिर्दीच्या या भागाला आकडे नाहीत, म्हणून त्याची नोंद एका ओळीत उरकली जाते. ते अन्यायाचे आहे.

२०१५ मध्ये त्याला अल्झायमर झाल्याचे क्लबने जाहीर केले. बुंडेसलिगाच्या एका हंगामातील ४० गोलांचा त्याचा १९७१–७२ चा विक्रम रॉबर्ट लेवांडोव्स्कीने मे २०२१ मध्ये मोडला. बुंडेसलिगातील ४२७ सामन्यांत ३६५ गोल हा विक्रम मात्र म्यूलरच्याच नावावर आहे.