हायड्रॉलिक प्रेस : सील बदलण्यापूर्वी लेव्हल तपासा

नांदेड (प्रतिनिधी) : दसऱ्यानंतर मराठवाड्यात कापसाची आवक सुरू होते आणि पाठोपाठ उसाचा गळीत हंगाम उभा राहतो. नांदेड जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधणारी प्रेस आणि लातूर परिसरातील साखर कारखान्यांच्या व औद्योगिक वसाहतींतील वर्कशॉपमध्ये बेअरिंग, बुश व शाफ्ट बसविणारी प्रेस, या दोहोंचा आकार वेगळा असला तरी तत्त्व एकच आहे. ऐन हंगामात त्यांपैकी एखादी बंद पडली की मालाची रांग लागते. मग घाईघाईने सील बदलले जाते, तेल भरले जाते आणि काम पुढे चालू होते. काही आठवड्यांत तेच सील पुन्हा गळू लागते. अशा वेळी दोष सीलचा नसून बहुधा रेषेचा असतो.

दाबाचे गणित

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडले. त्यावर आधारलेल्या प्रेसचे पेटंट इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये घेतले. आजच्या प्रेसमध्येही तेच गणित चालते. २५ सेंटिमीटर व्यासाच्या रॅमचे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो असेल तर रॅमवर सुमारे ९८ टन बल येते.

हे बल रॅमच्या मध्यरेषेतून गेले तर चौकट ते सहज पेलते. परंतु काम मध्यापासून केवळ ५ सेंटिमीटर बाजूला ठेवले तर रॅम तिरका होऊ पाहतो आणि तो भार गाइड बुश व सीलवर येतो. बुश एका बाजूने झिजते, रॅमवर उभे ओरखडे उठतात आणि सील फाटते. गाठींच्या प्रेसमध्ये पेटीत रुई एकाच बाजूला जास्त भरली गेली तरी हाच प्रकार घडतो. रुई सारखी पसरविणे ही म्हणूनच देखभालीचीच पहिली पायरी होय.

काळ्या जमिनीचा प्रश्न

नांदेड-लातूर पट्ट्यात प्रेसची लेव्हल बिघडण्यास जमीनही कारणीभूत ठरू शकते. येथील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाया या थराच्या खाली मुरूम किंवा खडकापर्यंत नेलेला नसेल, तर काँक्रीटचा चौथरा ऋतुमानानुसार किंचित वर-खाली होतो. डोळ्यांना तो बदल दिसत नाही, यंत्राला मात्र जाणवतो. त्यामुळे नवी प्रेस बसविताना पायाची खोली, चौथऱ्याभोवती पाण्याचा निचरा आणि पायाच्या बोल्टखालील ग्राउटिंग या तीन बाबींत काटकसर करू नये. जुन्या प्रेसची लेव्हल वर्षातून किमान दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, तपासावी.

रेष कशी तपासावी

प्रथम टेबल स्वच्छ पुसून त्यावर मीटरला ०.०२ मिलिमीटर फरक दाखविणारी स्पिरिट लेव्हल लांबी व रुंदी अशा दोन्ही दिशांनी ठेवावी. फरक आढळल्यास पायाचे बोल्ट सैल करून समायोजनाच्या पाचरी किंवा पॅकिंगच्या पट्ट्यांनी तो दूर करावा.

दुसरी पायरी समांतरतेची. डायल गेज टेबलावर ठेवून त्याची सुई वरच्या प्लेटच्या खालच्या पृष्ठभागाला लावावी आणि चारही कोपऱ्यांवर वाचन घ्यावे. त्यानंतर टेबलावर अचूक गुण्या उभा करून, रॅमला बसविलेले डायल गेज त्याच्या उभ्या कडेवरून वर-खाली न्यावे. रॅम टेबलाशी काटकोनात सरकतो की नाही, हे त्यावरून समजते. ही तपासणी समोरून आणि बाजूने अशी दोनदा करावी.

तिसरी पायरी भाराखालची असून ती अनेकदा टाळली जाते. शिशाचे एकाच जाडीचे चार तुकडे चार कोपऱ्यांवर ठेवून कमी दाबाने दाबावेत व मायक्रोमीटरने मोजावेत. जो तुकडा अधिक चेपला, त्या बाजूला प्लेट झुकते. चार खांबांच्या प्रेसमध्ये असा फरक दिसल्यास खांबांचे नट समोरासमोरच्या जोडीने, सारख्या ताणाने आवळलेले आहेत का ते पाहावे. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची चौकट भाराखाली जबड्यासारखी थोडी उघडतेच. तिच्यावर अचूक डायचे काम करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

चालण्याजोगा फरक किती, हे निर्मात्याच्या पुस्तिकेवरून ठरवावे. १ मिलिमीटर पत्र्यासाठी पंच आणि डाय यांच्यात प्रत्येक बाजूस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर फट असते. प्रेस तेवढी सरकली तरी पंच डायला घासून दोन्हींची धार जाते.

तेलाचे आरोग्य

हायड्रॉलिक तेल बल वाहून नेते, वंगणाचे काम करते आणि उष्णताही बाहेर काढते. व्हीजी ४६ दर्जाच्या तेलाचा दाटपणा ४० अंश सेल्सियसला जेवढा असतो, त्याच्या निम्म्याहून कमी तो ६० अंशांना उरतो. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या या भागात तेलाची टाकी पत्र्याच्या छताखाली, उन्हाच्या तिरिपेत असू नये. टाकीतील तापमान ६० अंशांवर जाऊ लागल्यास कूलर साफ करावा आणि रिलीफ व्हॉल्व्हमधून तेल सतत निसटते का ते पाहावे. निर्मात्याच्या शिफारशीनुसार उन्हाळ्यात व्हीजी ६८ दर्जाचे तेल वापरता येते.

तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी आहे, फेसाळ दिसल्यास पंप हवा ओढतो आहे आणि काळे पडून जळका वास आल्यास ते तापून खराब झाले आहे, असे समजावे. नव्या पिंपातील तेलही गाळूनच भरावे. सेकंदाला एक थेंब गळाला तरी दिवसाकाठी सुमारे ४ लिटर तेल वाया जाते. जिनिंगमध्ये तर गळलेल्या तेलावर रुईचे तंतू बसून आगीचा धोकाही वाढतो.

वेळापत्रक

रोज : तेलाची पातळी, गळती, पंपाचा आवाज व दाबमापकाचे वाचन.

दर आठवड्यास : नट-बोल्ट, रबरी होज, फिल्टरची स्थिती.

दर महिन्यास : गाइड बुशचे वंगण आणि चार कोपऱ्यांचे डायल गेज वाचन. ही वाचने तारखेसह वहीत नोंदवावीत. एकाच बाजूचा आकडा महिन्यागणिक वाढत असेल तर बिघाड होण्याआधीच त्याची चाहूल लागते.

हंगामापूर्वी व हंगामानंतर : तेलाचा नमुना, पायाची लेव्हल, रॅमचा पृष्ठभाग, दाबमापक व रिलीफ व्हॉल्व्ह. अधिक टन मिळविण्यासाठी रिलीफ व्हॉल्व्ह आवळणे म्हणजे चौकटीलाच तडा देण्यासारखे आहे.

जिवाशी गाठ

दुरुस्तीपूर्वी रॅम पूर्ण खाली आणावा, वीज तोडून मुख्य स्विचला कुलूप लावावे आणि दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याची खात्री करावी. रॅम वर ठेवणे अपरिहार्य असल्यास त्याखाली पोलादी टेकू द्यावा. तेलाच्या भरवशावर रॅमखाली हात घालू नये. अॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजनच भरावा, ऑक्सिजन कदापि नाही.

गळती बोटाने शोधणे सर्वांत घातक आहे. २०० किलो दाबाखाली सूक्ष्म छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही. मात्र काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. तेल शिरल्याची शंका आली तरी कामगाराला मलमपट्टी करून घरी न पाठविता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि ‘दाबाचे तेल शरीरात शिरले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. नांदेडला विष्णुपुरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. त्यांचे दूरध्वनी क्रमांक प्रेसशेजारी ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत.

स्पिरिट लेव्हल, डायल गेज व गुण्या ही साधने फिटरच्या हाताला सवयीची असतात. त्यांचा वापर हंगामापूर्वीच्या एका दिवसात आटोपतो. हंगामात बंद पडलेल्या प्रेसपुढे थांबलेली रुई किंवा कामगाराचे गेलेले बोट, यांपुढे त्या एका दिवसाची किंमत फारच थोडी आहे.