ऐकलेली कादंबरी : जुन्नर-आंबेगावच्या जत्रांतील वगनाट्याचा इतिहास

प्रेम, घराण्याची अब्रू, दडवून ठेवलेले पाप आणि त्याची पुढच्या पिढीला भोगावी लागणारी शिक्षा, हा कथाविषय मराठीत छापील कादंबरीने रुजवला, असे सहसा गृहीत धरले जाते. बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली आणि विधवांचे हाल तिने वाचकांपुढे मांडले; त्यानंतर लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली आली, आणि या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी प्रेमिकांच्या ताटातुटीची व पुनर्भेटीची गोडी वाचणाऱ्या वर्गाला लावली. मात्र याच दशकात, १८६५ साली, उमाजी सावळजकर यांचा ‘मोहना-बटाव’ हा वग उभा राहिला. तमाशाचे अभ्यासक त्याला पहिला वग मानतात. म्हणजे ज्या काळात शहरातील साक्षर मराठी माणूस दीर्घ गद्य कथा वाचू लागला, त्याच काळात खेड्यातील निरक्षर मराठी माणूस दीर्घ कथा रात्रभर बसून पाहू आणि ऐकू लागला. या दोन घटनांपैकी पहिलीची नोंद साहित्याच्या इतिहासात झाली आणि दुसरी लोककलेच्या कप्प्यात टाकली गेली. जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांचा सांस्कृतिक इतिहास पाहिला तर ही वाटणी टिकत नाही, कारण या भागातील कुणबी, कोळी, मांग, महार आणि बलुतेदार कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांना कौटुंबिक शोककथा भेटली ती वगातूनच.

वग म्हणजे तमाशाच्या उत्तरार्धात सादर होणारे कथानाट्य होय. ढोलकी फडाच्या तमाशाची, म्हणजे ढोलकीच्या साथीवर नाच, गाणे आणि नाट्य असे सारे एकत्र सादर करणाऱ्या मंडळीच्या खेळाची, सुरुवात गणाने होते, ज्यात गणपतीला आवाहन केले जाते. त्यानंतर कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गवळणी यांची थट्टामस्करी असलेली गवळण येते. मग बतावणी म्हणजे विनोदी संवाद, रंगबाजी आणि लावण्या होतात, आणि मध्यरात्र उलटू लागली की वग लागतो. जुन्या वगाला लिहिलेली संहिता बहुधा नसे. फडाचा सरदार, म्हणजे मुख्य नट व सूत्रधार, कथेचा सांगाडा आणि पदे नटांना देई आणि संवाद नट जागेवर रचत. पडदा नाही, नेपथ्य नाही. नटाने रंगमंचावर एक गोल फेरी मारली आणि ‘आलो मुंबईला’ म्हटले की मुंबई आली, असा हा संकेत होता. जत्रेच्या गावी रात्रीच्या खेळानंतर सकाळी पुन्हा जो लहान कार्यक्रम होतो त्याला ‘हजेरी’ म्हणतात, आणि त्यानंतर दुपारी बैलगाड्यांच्या शर्यती व कुस्त्यांचा आखाडा हा क्रम या दोन्ही तालुक्यांत रूढ आहे.

नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातील मीना नदीकाठचे बाजाराचे गाव या व्यवसायाचे केंद्र बनले, यामागे भूगोल आणि अर्थकारण दोन्ही आहेत. पुणे-नाशिक रस्त्यावर असल्यामुळे दक्षिणेकडून मंचर, खेड आणि उत्तरेकडून संगमनेर या सर्व बाजूंच्या गावकऱ्यांना तेथे पोहोचणे सोयीचे होते, आणि गुढीपाडव्यापासून वैशाखापर्यंत या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक गावाच्या ग्रामदैवताची यात्रा भरते. एरवी, दसऱ्यापासून पुढे, मोठे फड गावोगाव कनात लावून, म्हणजे कापडी आडोशाचे फिरते थिएटर उभारून, तिकिटावर खेळ करतात. पण चैत्र जवळ आला की ते नारायणगावात आपापल्या राहुट्या ठोकतात. राहुटी म्हणजे फडाचे हंगामी कार्यालय. दर्शनी बाजूला कलावंतांच्या छायाचित्रांचा मोठा फलक, आत सतरंजी, टेबल, तारखांची वही आणि व्यवस्थापक, असे तिचे रूप असते. यात्रा कमिटीची माणसे, खिशात गावाच्या वर्गणीचा हिशेब घेऊन, एका राहुटीतून दुसरीत जातात. नाचणाऱ्या किती, गाड्या किती, गेल्या वर्षी शेजारच्या गावात खेळ कसा झाला, आणि वग कोणता लावणार, हे विचारतात. रक्कम ठरली की ‘सुपारी’ फुटते, म्हणजे करार पक्का होऊन काही रक्कम आगाऊ दिली जाते. या उलाढालीमुळेच नारायणगावला ‘तमाशा पंढरी’ हे नाव पडले.

सुपारी देणाऱ्या गावांची आर्थिक ताकद आणि वगांचे विषय या दोहोंमागे मुंबईचा मोठा हात आहे. घोड, मीना आणि कुकडी या नद्यांच्या खोऱ्यांत कालव्यांचे पाणी खेळण्यापूर्वी येथील शेती पावसावर होती आणि घरटी एखादा तरी पुरुष गिरणीत, गोदीत किंवा हमालीच्या कामावर मुंबईस असे. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी बरेचसे आंबेगाव, जुन्नर, खेड आणि मावळ याच तालुक्यांतील आहेत, आणि गावच्या यात्रांसाठी ते आजही एप्रिलमध्ये काही दिवस एकत्रित सुटी घेतात. वर्षातले बहुतेक महिने दुभंगलेले कुटुंब जत्रेच्या दोन दिवसांत एकत्र येई. मुंबईत लालबागच्या हनुमान थिएटरात जो वग कामगार पाहत, तसलाच वग चैत्रात गावच्या माळावर लागे, त्यामुळे ‘मुंबईची केळेवाली’ किंवा ‘जन्मठेप कुंकवाची’ अशी नावे प्रेक्षकाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. नवरा दूर गेलेली बायको, तिच्यावर वाईट नजर ठेवणारा गावचा सत्ताधीश, कुणाच्या तरी पदरात टाकलेले मूल, आणि अनेक वर्षांनी परत येणारा माणूस ही पात्रे त्यांच्या रोजच्या आयुष्याच्या शेजारीच राहत होती.

वगातील रहस्याची मांडणी छापील रहस्यकथेपेक्षा वेगळी असते आणि तीत या नाट्यप्रकाराचे सामर्थ्य आहे. रहस्य प्रेक्षकापासून लपवलेले नसते. मूल कोणाचे, खून कोणी केला, पत्र कोणी जाळले हे आरंभीच त्याच्या डोळ्यांसमोर घडते, आणि पुढे कित्येक तास तो पात्रांना ते कळण्याची वाट पाहत बसतो. सोंगाड्या, म्हणजे विनोदी नट, या ताणातून मधूनमधून त्याची सुटका करतो, परंतु त्याच्याच तोंडून कधी कधी ती एक गोष्ट अर्धवट निसटते आणि सगळा मांडव श्वास रोखून धरतो. पहाटेच्या सुमारास उलगडा होतो. ढोलकी आणि हलगी थांबतात, गोंदणाची खूण किंवा गळ्यातला ताईत पुढे येतो, आणि बहीण भावाला किंवा मुलगी बापाला त्याच्या तोंडावर सत्य सांगते. ही कबुली खोलीत चार भिंतींआड होत नाही. ती भर सभेत, पाटील, पंच आणि सगळा गाव यांच्यादेखत होते, आणि समोर बसलेला प्रेक्षकसमूह त्या गावाचाच भाग बनतो. तमाशाच्या प्रेक्षकांत पुरुषांची संख्या मोठी असे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. घरात ज्यांच्यापुढे बायकांनी तोंड उघडू नये अशी रीत होती, तेच पुरुष माळावर मांडी घालून एका स्त्रीचे गाऱ्हाणे अखेरपर्यंत ऐकत आणि उपरण्याने डोळे पुसत.

हे गाऱ्हाणे प्रारंभी स्त्रीच्या तोंडी नव्हते. तमाशात स्त्रीभूमिका ‘नाच्या’ म्हणवणारे मुलगे करीत. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांच्या फडात पवळा हिवरगावकर या आल्या तो टप्पा म्हणूनच निर्णायक ठरतो. पवळा या जुन्नरच्या उत्तरेस लागून असलेल्या संगमनेर तालुक्यातील महार कुटुंबातील, तर बापूराव हे आजच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षचे, मूळचे श्रीधर कुलकर्णी. तमाशासाठी त्यांनी कुलकर्णीपण, जात आणि घर सोडले. या दोघांच्या संबंधाची कथा, तिच्यातील कीर्ती, दुरावा आणि बापूरावांच्या वाट्याला आलेले दरिद्री वार्धक्य यांसह, इतकी वगासारखी होती की पुढे ती स्वतःच नाट्य-चित्रपटांचा विषय झाली.

नारायणगावचे नाव या परंपरेत कायमचे कोरले ते खुडे कुटुंबाने. नारायण खुडे यांनी उभा केलेला फड त्यांचे पुत्र भाऊ आणि बापू यांनी ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने चालवला, आणि भाऊंच्या कन्या विठाबाई (१९३५-२००२) यांनी तो महाराष्ट्रभर गाजवला. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते विठाबाईंचा गौरव झाला. त्यांच्याविषयीची एक हकीकत तमाशाच्या जगात सर्वज्ञात आहे : दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर होत्या, कळा सुरू झाल्यावर आत जाऊन त्या बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि पुन्हा रंगमंचावर जाण्यास सिद्ध झाल्या, प्रेक्षकांना काय घडले हे कळले तेव्हा त्यांनीच खेळ थांबवला. ही हकीकत शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, पण इतिहासाच्या दृष्टीने ती फडाच्या अर्थव्यवस्थेची साक्ष आहे. सुपारी घेतलेली, कलावंतांना ‘उचल’ म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम वाटलेली, आणि ती फेडण्यासाठी हंगामातला प्रत्येक खेळ व्हायलाच हवा अशी स्थिती, यांमुळे बाईला आपले दुखणे बाजूला ठेवून दुसऱ्या स्त्रीचे दुःख उभे करावे लागे. विठाबाईंची अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली. योगिराज बागूल यांनी ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ हे त्यांचे चरित्र लिहिले, आणि २००६ पासून राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात वगाचे कागदावर येणे सुरू झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंधने आणली, इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार यांच्या पुढाकाराने सुधारणेचा विचार झाला, आणि संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत पडली. जागेवर रचलेल्या संवादांचे तेज त्यामुळे काही अंशी उणावले, तरी वगलेखक हा स्वतंत्र कारागीर पुढे आला. याच सुमारास छापील साहित्य आणि चित्रपट वगाकडे वळले. अण्णा भाऊ साठे यांनी ‘वैजयंता’ या कादंबरीत तमाशातील स्त्रीचे आयुष्य मांडले. अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, आणि त्याचा कणा नेमका वगाचाच आहे : बैलगाडीची शर्यत, गावच्या धनवानाचा सूड, त्याच्या अत्याचारातून जन्मलेली आणि तमाशात वाढलेली मुलगी, आणि तिने भर फडात केलेला उलगडा. ज्या शोककथेने दीर्घकाळ माळरानावर प्रेक्षक धरून ठेवला होता, तिने शहरातील मध्यमवर्गालाही तितकेच धरले.

वगात दडवलेल्या जन्माला अखेरीस नाव मिळते. तमाशातील आणि संगीतबारीतील, म्हणजे लावणीनृत्याच्या बैठकींतील, कलावंतिणींच्या मुलांना मात्र ते मिळत नव्हते. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे १९९४ चे आत्मकथन सोलापूर जिल्ह्यातील आहे, पण त्यातील प्रश्न सर्व फडांचा आहे : शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव मागितले जाते आणि मुलाकडे आईचे नाव असते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचे नाव अनिवार्य केले, तेव्हा या प्रश्नाला शासन निर्णयाने उत्तर दिले. पण रंगमंचावरून तो प्रश्न पाटलांपुढे आणि पंचांपुढे मांडण्याचे काम वगातील नायिका त्याआधी अनेक पिढ्या करीत आली होती.

आज हिंदी-मराठी चित्रपटगीतांवरील नृत्ये तमाशात अधिक जागा घेतात, वग आखूड होतो किंवा वगळला जातो, आणि कौटुंबिक शोककथेची भूक दूरचित्रवाणीच्या मालिका भागवतात. २०२० आणि २०२१ या वर्षांत करोनामुळे यात्राच भरल्या नाहीत आणि कर्जबाजारी फडांना मोठा फटका बसला. या परिस्थितीत एक काम तातडीने होणे आवश्यक आहे. परिनिरीक्षणासाठी लिहिल्या गेलेल्या संहिता, फडांच्या वह्या, आणि जुन्या सरदारांच्या व सोंगाड्यांच्या स्मरणात असलेले वग ही मराठी कथनसाहित्याची मूळ साधने आहेत, आणि ती कादंबरीच्या इतिहासाशेजारी ठेवून अभ्यासली गेली पाहिजेत. जुन्नर-आंबेगावच्या माणसांनी प्रेम, अपराध आणि क्षमा यांचा विचार कसा केला हे त्यांनी लिहून ठेवले नाही. त्यांनी कोणत्या वगाला सुपारी दिली आणि कोणत्या उलगड्यापाशी पहाटेपर्यंत जागत बसले, यातून ते कळते. मांग, महार आणि कोल्हाटी समाजांतील ज्या कलावंतांनी त्यांना हा विचार करायला लावला, त्यांना मराठी कादंबरीकारांच्या पंक्तीत स्थान देणे हे इतिहासलेखनाचे देणे आहे.