वास येणे आणि वास घेणे

नांदेड-लातूरकडच्या काळ्या रानात मृगाची पहिली सर पडली की जो वास सुटतो, तो पावसाचा नव्हे, मातीचा. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण आहे, पाण्याला स्वतःचा गंध नाही, असं वैशेषिकांनी मानलं. आज आपण म्हणतो, मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास.

युरोपात मात्र घ्राणेंद्रियाचा मान उतरत गेला. कांटने १७९८ साली त्याला सर्वांत कमी उपयोगाचं इंद्रिय ठरवलं. १८७९ च्या सुमारास पॉल ब्रोकाने मेंदूंची तुलना केली. माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग मोठा, त्या मानाने गंधाचा भाग लहान. तेव्हा माणूस या बाबतीत दुबळाच, असं त्याने मानलं. माणसांना प्रत्यक्ष वास देऊन हे तपासलेलं नव्हतं. तरी शंभर वर्षं ते पुस्तकांतून चालत राहिलं.

मग जिवंत मेंदूचं चित्र घेता येऊ लागलं. १९९२ साली माँट्रियलमध्ये झाटोर आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅन करून, वास घेताना मेंदूत कुठे रक्तप्रवाह वाढतो ते दाखवलं. १९९८ साली स्टॅनफर्डच्या नोआम सोबेल यांनी एमआरआय वापरला. त्यात आढळलं की नुसती वासरहित हवा हुंगली तरी गंधाशी संबंधित काही भाग जागे होतात. प्रत्यक्ष गंध आला की त्याहून वेगळे भाग. म्हणजे मराठीत आपण ‘वास येणे’ आणि ‘वास घेणे’ अशी दोन क्रियापदं वापरतो, तो भेद मेंदूतही आहे! इंद्रिय नुसतं उघडं दार नाही. ते स्वतः पुढे होऊन विषय गाठतं.

हा केवळ वादाचा विषय नाही बरं का. कोविडमध्ये कित्येकांचा वास गेला. गॅस गळतोय, भाजी आंबलीय, हे त्यांना कळेना. पुण्याच्या आयसरमधल्या संशोधकांनी २०२० साली रुग्णांची घ्राणशक्ती यंत्राने मोजली. गेलेला वास परत यावा म्हणून रोज दोनदा गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हुंगण्याचा सराव सांगतात. जर्मनीत २००९ साली तो तपासला गेला. सगळ्यांना गुण येतो असं नाही. पण काहीच येत नसताना घेत राहायचं, हे त्याचं मर्म.

एक मर्यादा लक्षात ठेवू. ते चित्र रक्तातल्या बदलाचं असतं, गंधाचं नव्हे. मेंदूत कुठे काय हललं ते त्यावरून कळतं; मृगाचा वास कसा असतो, ते ज्याने घेतला त्यालाच ठाऊक.