संगणकाचे साउंड कार्ड आणि सराउंड साउंड : निवडीच्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला. त्याच वर्षी सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर लाइव्ह’ हे साउंड कार्ड बाजारात आणले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि जिल्ह्याची पहिली दहा वर्षे आणि संगणकीय ध्वनीच्या स्थित्यंतराची दहा वर्षे एकच आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. साउंड कार्ड बंद खोक्यात मिळते. ते पारखून घ्यावयाचे तर सहा स्पीकर व ॲम्प्लिफायर मांडावा लागतो. तालुक्याच्या गावी राहणारा ग्राहक असो वा दृक्श्राव्य कक्ष उभारणारे महाविद्यालय, निवड बहुधा खोक्यावरील आकड्यांवरूनच करावी लागते. हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे त्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

सराउंड साउंडची संकल्पना

श्रोत्याच्या सभोवती ध्वनी असणे ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. कीर्तनात कीर्तनकार समोर मध्यभागी उभा असतो, टाळकरी त्याच्या मागे व दोन्ही बाजूंना असतात आणि नामघोषाचा प्रतिसाद श्रोत्याच्या पाठीमागून उमटतो. ‘५.१’ या संज्ञेत हीच रचना आहे. समोर तीन व मागे दोन मिळून पाच वाहिन्या आणि केवळ खर्जातील ध्वनीसाठी एक मर्यादित वाहिनी, असा तिचा अर्थ होतो.

चित्रपटात हा प्रयोग ‘फँटेसिया’ (१९४०) या अमेरिकन चित्रपटाने केला. भारतात १९७५ मध्ये ‘शोले’ सत्तर मिलिमीटर पडद्यावर स्टिरिओफोनिक ध्वनीसह आला. १९९४ मध्ये ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ने डॉल्बी स्टिरिओचा वापर केला. डॉल्बी डिजिटल पद्धती १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’मधून, तर डीटीएस पद्धती १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’मधून प्रेक्षकांसमोर आली.

येथे एका शब्दाचा उल्लेख आवश्यक ठरतो. महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ हा शब्द मिरवणुकीतील कर्णकर्कश ध्वनियंत्रणेसाठी रूढ झाला आहे. वास्तविक रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडन येथे स्थापन केलेल्या संस्थेचे पहिले कार्य ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करणे हे होते. आवाजाचा मोठेपणा आणि ध्वनीची रचना या भिन्न गोष्टी आहेत. शब्दाच्या या प्रवासात दोन्ही एकत्र झाल्या आणि खरेदीतील गैरसमजालाही तेथूनच वाट मिळाली.

साउंड कार्डाचा उदय

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ध्वनीसाठी केवळ एक लहान स्पीकर होता. १९८७ मध्ये ॲडलिब व १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर ही कार्डे आली आणि संगणकातून संगीत व मानवी आवाज ऐकू येऊ लागला. पुढे १९९७ मध्ये इंटेलने एसी ९७ हे मानक जाहीर केले व ध्वनीची सोय मदरबोर्डवरच होऊ लागली. १९९६ पासून डीव्हीडी आल्यामुळे सहा वाहिन्यांचा ध्वनी घरात पोहोचला. संगणकातून तो बाहेर कसा काढावयाचा, हा प्रश्न यानंतर निर्माण झाला.

एकाच तारेचे दोन अनुभव

त्यासाठी सोनी व फिलिप्स यांनी विकसित केलेली एस/पीडीआयएफ ही जोडणी वापरली गेली. या जोडणीवर अनेक ग्राहकांना एक विसंगती अनुभवास आली. डीव्हीडी लावली की सहाही स्पीकर वाजत. संगणकीय खेळ सुरू केला की त्याच तारेतून, त्याच कार्डातून केवळ दोनच वाजत. दोष कार्डात असावा असे वाटणे स्वाभाविक होते. त्याचे कारण मात्र साध्या गणितात आहे.

ही जोडणी दोन वाहिन्यांच्या असंकुचित ध्वनीसाठी आखलेली होती. सेकंदाला ४८,००० नमुने व प्रत्येक नमुना १६ बिटांचा धरल्यास दोन वाहिन्यांना सेकंदाला १५ लाख ३६ हजार बिट लागतात. सहा वाहिन्यांना ४६ लाख ८ हजार बिट लागतील. ते या तारेत मावत नाहीत. डीव्हीडीवरील डॉल्बी डिजिटल ध्वनी आधीच संकुचित केलेला असून तो बहुधा ४ लाख ४८ हजार बिटांत बसतो. कार्ड तो जसाच्या तसा पुढे पाठवते व ॲम्प्लिफायर त्याची उकल करतो. खेळातील ध्वनी मात्र त्या क्षणी तयार होत असल्याने तो आधी संकुचित केलेला नसतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, चित्रपटाचा ध्वनी जसाच्या तसा पाठवताना महागड्या कार्डातील ध्वनिरूपांतरक वापरलाच जात नाही. ते काम ॲम्प्लिफायर करतो. दुसरी अशी की, या प्रवाहात कार्डाने अथवा प्रणालीने कोणताही बदल करता कामा नये. आवाजाची पातळी संगणकातच बदलली तरी प्रवाह निरुपयोगी होतो.

खेळाच्या अडचणीवर एनव्हिडियाने २००१ मध्ये एनफोर्स संचात उपाय योजला. त्यात सहा वाहिन्यांचे तत्क्षणी डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर होत असे. पुढील एनफोर्स ३ मध्ये ही सोय राहिली नाही. २००५ च्या सुमारास ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’ असलेली स्वतंत्र कार्डे आली. २००७ मध्ये घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंडची हार्डवेअर-आधारित प्रक्रिया बंद केली. त्यामुळे कार्डातील ध्वनिप्रक्रियकाचे महत्त्व घटले. २००२ च्या एचडीएमआय जोडणीत मात्र आठ असंकुचित वाहिन्यांची तरतूद होती. ही जोडणी ग्राफिक्स कार्डांवर रुळल्यानंतर चित्रपट व खेळ यांतील भेदच मिटला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, साउंड कार्डाच्या निवडीचा निर्णायक निकष किंमत वा बिटांचा आकडा हा नसून ध्वनीच्या वाहिन्या कोणत्या ठिकाणी विभक्त होतात हा आहे. त्या ॲम्प्लिफायरमध्ये विभक्त होणार असतील तर प्रवाह न बदलता पाठवणारे साधे कार्ड, किंबहुना मदरबोर्डवरील सोयही पुरेशी ठरते. त्या कार्डातच विभक्त होऊन वेगवेगळ्या तारांनी स्पीकरांकडे जाणार असतील, तर कार्डाच्या गुणवत्तेवर खर्च करणे सयुक्तिक होय. जुन्या एस/पीडीआयएफ जोडणीवर खेळ खेळावयाचे असतील तर तत्क्षणी संकुचनाची सोय पाहावी लागते.

ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. कीर्तन वा भजन दोन मायक्रोफोनांवर मुद्रित केले असेल तर सहा स्पीकरांवर ते पसरवता येते. परंतु मागून उमटलेला प्रतिसाद मुद्रणातच वेगळा टिपलेला नसेल तर तो कोणतेही कार्ड परत आणू शकत नाही. लोकपरंपरेचे ध्वनिसंग्रह करू इच्छिणाऱ्या संस्थेने आपला मर्यादित निधी प्रथम मुद्रणावर खर्च करावा. कार्ड पुढील वर्षीही विकत मिळेल. एखाद्या वृद्ध कीर्तनकाराचे कीर्तन मात्र पुन्हा मुद्रित करता येईलच असे नाही.