स्तूप, शिवलिंग आणि पर्यटक : सातारा व सांगली जिल्ह्यांतील लेण्यांचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील लेण्यांचा विषय निघाला म्हणजे अजिंठा, वेरूळ, कार्ले, घारापुरी ही नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. सातारा व सांगली जिल्ह्यांतील लेणी त्या मानाने उपेक्षित राहिली आहेत. पुणे-बेंगळुरू महामार्गाने येणारा पर्यटक शिरवळ, सातारा, कराड ही गावे मागे टाकतो, वाईमार्गे पाचगणी-महाबळेश्वर गाठतो. परंतु या वाटेच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांत प्राचीन लेणी आहेत, याची त्यास बहुधा कल्पना नसते. जो पर्यटक तेथवर पोहोचतो त्याचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो. हे लेणे बौद्धांचे की हिंदूंचे? प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि काही लेण्यांच्या बाबतीत त्याचे एका शब्दात उत्तर देणे म्हणजे इतिहासाचा अर्धा भाग पुसून टाकणे होय. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची व्याप्ती :

सदर लेखासाठी कराडनजीकची आगाशिव-जखिणवाडीची लेणी, वाईजवळील लोहारे येथील लेणी, साताऱ्याजवळील पाटेश्वर आणि सांगली जिल्ह्यातील दंडोबा ही स्थळे निवडली आहेत. लेण्यांची रचना, कोरीव लेख, एकोणिसाव्या शतकातील नोंदी आणि आजची पूजापरंपरा या चार साधनांचा आधार घेतला आहे.

कराडची लेणी व दात्यांचे गाव :

कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेले कराड म्हणजे प्राचीन करहाटक. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयप्रसंगी या नगराचा उल्लेख येतो. मध्य भारतातील भारहुत स्तूपावरील दानलेखांत 'करहकट' हे नाव आढळते. कोकणातील कुडे येथील एका लेखात करहाकड येथील महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे घाटमाथ्यावरच्या या नगरातील धनिकांचे दान एकीकडे मध्य भारतात आणि दुसरीकडे सह्याद्री उतरून समुद्रकाठी पोहोचत होते. सातवाहनकाळातील व्यापार आणि बौद्ध संघ यांचा निकटचा संबंध यावरून स्पष्ट होतो.

याच नगराच्या नैर्ऋत्येस आगाशिवाच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी तीन समूहांत विखुरलेली आहेत. येथील खडक मऊ व सच्छिद्र असल्याने कारागिरांना बारीक नक्षीकामास वाव मिळाला नाही. भिक्षूंच्या निवासासाठी खोल्या, निजण्यासाठी दगडी ओटे, पाण्याच्या पोढी आणि पूजेसाठी स्तूप असलेली चैत्यगृहे असे यांचे साधे स्वरूप आहे. जखिणवाडीच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागी चक्र व सिंह धारण करणारे स्तंभ कोरलेले आहेत. मूळ रचनेत बुद्धमूर्तीऐवजी स्तूपालाच पूजेचे स्थान आहे. त्यावरून ही लेणी प्रारंभीच्या काळातील, सामान्यतः इसवी सनाच्या आगेमागच्या शतकांतील मानली जातात.

येथील एका लेखात गोपाळाचा पुत्र संघमित्र याने लेणे दान दिल्याचे नमूद आहे. त्या प्राकृत लेखात 'लेण' हाच शब्द वापरला आहे. दोन हजार वर्षांनंतरही मराठी माणूस अशा वास्तूस 'लेणे' म्हणतो, ही बाब भाषेच्या अभ्यासकांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे. डोंगराच्या माथ्यावर आगाशिव महादेवाचे मंदिर आहे आणि डोंगराचे नाव त्यावरूनच रूढ झाले. एकाच चढणीवर स्तूप आणि शिवालय यांची भेट होते.

लोहारे येथील लेणे : एका दगडाची दोन रूपे :

वाईच्या उत्तरेस लोहारे गावाजवळ लहानसा लेणीसमूह आहे. तो आज पालपेश्वराची लेणी म्हणून ओळखला जातो. मुख्य लेण्यात भिक्षूंच्या खोल्या व ओटे आहेत आणि मागील गर्भगृहात डोंगराच्याच दगडातून घडविलेला स्तूप आहे. मात्र भाविक त्याची पूजा महादेव म्हणून करतात. स्तूपाचे खालचे गोल जोते, त्यावर अर्धगोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका आणि सर्वांत वर छत्र अशी मूळ रचना असते. लोहारे येथे वरचा भाग तोडून उरलेल्या दगडास लिंगाचे रूप दिले गेले. फर्ग्युसन व बर्जेस यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय लेण्यांवरील ग्रंथात वाईच्या या लेण्याची दखल घेतली आहे.

या दगडाकडे कसे पाहावे, हा येथील कळीचा प्रश्न आहे. स्तूप तोडला गेला ही वस्तुस्थिती आहे आणि तिला 'समन्वय' असे गोड नाव देऊन भागत नाही. ज्यांना स्तूप पूज्य त्यांच्या दृष्टीने ही हानीच आहे. परंतु केवळ तोडलेल्या दगडावरून त्या कृतीचा काळ, कर्ता वा प्रसंग सिद्ध होत नाही. भिक्षुसंघ निघून गेल्यावर ओस पडलेल्या जागेचा पुढे वापर होणे आणि नांदत्या विहारावर हल्ला होणे या दोन वेगळ्या घटना होत. त्यांपैकी एक गृहीत धरून दुसरी नाकारणे इतिहासाच्या शिस्तीस धरून नाही. त्याचबरोबर पुढील काळात या जागी दिवाबत्ती होत राहिली, लोकांची ये-जा टिकली, हेही तितकेच खरे आहे. ज्या कृतीने स्तूपाचे मूळ रूप नष्ट केले तिनेच त्या जागेस नवे पूजास्थान म्हणून आयुष्य दिले. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगता आल्या पाहिजेत.

अशी उदाहरणे अन्यत्रही आहेत. जुन्नरजवळील लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा देवीचे मंदिर आहे. तथापि तेथे मूळ वास्तूत वा तिच्या शेजारी नवी देवता आली. लोहारे येथे पूज्य वस्तूच बदलली. म्हणून या लहानशा लेण्याचे महत्त्व आकाराच्या मानाने फार मोठे आहे.

पाटेश्वर व दंडोबा : शैव परंपरेची लेणी :

सर्वच लेणी बौद्धांची होती आणि पुढे बदलली गेली, असा समजही योग्य नव्हे. साताऱ्याजवळ देगावच्या डोंगरावरील पाटेश्वर हे शैव स्थान आहे. तेथील लेण्यांत आणि मंदिर परिसरात नाना आकारांची असंख्य शिवलिंगे आहेत. वऱ्हाडघर या नावाने ओळखला जाणारा भाग आणि अग्निवृषाची मूर्ती ही तेथील वैशिष्ट्ये होत.

सांगली जिल्ह्यात मिरजेच्या पूर्वेस दंडोबाचा डोंगर आहे. तेथील शिवमंदिर डोंगर कोरून काढलेले असून गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेचा मार्गही खडकातच कोरला आहे. कराडच्या लेण्यांत एकांतवासी भिक्षूंच्या खोल्या प्रमुख आहेत, तर दंडोबास सर्व रचना देवतेच्या दर्शनासाठी व प्रदक्षिणेसाठी केलेली दिसते. खडक कोरण्याची कला एकच असली तरी वास्तूचा हेतू बदलला की तिचा आराखडाही बदलतो.

नोंदी, नावे आणि विस्मरण :

साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. त्यानंतरच्या काळात तेथे अधिकारी असलेल्या बार्टल फ्रिअर याने कराडच्या लेण्यांविषयी टिपण लिहिले. पुढे बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांतील लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि १८८५ च्या सातारा गॅझेटियरने या माहितीस स्थान दिले. लोकस्मृतीत मात्र वेगळे घडले. शिरवळजवळच्या बौद्ध लेण्यांस 'पांडवदरा' म्हणतात. एवढे अचाट काम पांडवांवाचून कोण करणार, हा त्यामागील लोकभाव आहे. त्या भावाचा आदर करूनही हे सांगावे लागते की, पांडवांच्या नावाखाली लेणी कोरविणारे व्यापारी, गृहस्थ व भिक्षू झाकले गेले.

आजचा प्रश्न आणि पर्यटकाची दृष्टी :

आज या लेण्यांकडे दोन समाजगट श्रद्धेने येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा शाळाप्रवेश ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यात झाला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील नवबौद्ध समाजास प्राचीन लेणी हा आपला हरवलेला वारसा वाटू लागला, हे अगदी साहजिक आहे. दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या महादेवास बेल वाहणारा शेतकरी त्याच दगडास आपले दैवत मानतो. अशा ठिकाणी 'हे खरे तर आमचेच' असे एकतर्फी फलक लावल्यास तंटा वाढेल आणि लेण्यास कोणीच वाली उरणार नाही. स्मारकाच्या दृष्टीने दुसरा धोका हौशी पर्यटकाचा आहे. मऊ खडकावर नावे कोरणे, चूल पेटवून भिंती काळ्या करणे, पोढीत कचरा टाकणे हे प्रकार थांबले पाहिजेत. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु केवळ शिक्षेच्या धाकाने वारसा टिकत नाही. त्यासाठी पाहणाऱ्यास काय पाहावे हे कळले पाहिजे.

निष्कर्ष :

१) सातारा-सांगली परिसरातील लेण्यांचे मूळ बौद्ध, रूपांतरित आणि मूळ शैव असे तीन प्रकार दिसतात. त्यांना एकाच नावाखाली आणणे अयोग्य आहे.

२) रूपांतरित लेण्यांत माहिती देताना प्रथम स्तूप, नंतर लिंग हा कालक्रम स्पष्ट शब्दांत सांगावा. स्तूपाची झालेली हानी लपवू नये आणि आजच्या पूजेचा अवमानही करू नये.

३) माहितीफलकांवर संघमित्र व महिक या दात्यांची नावे यावीत. या भूमीतील सामान्य गृहस्थ व व्यापारी यांच्या दानाचा इतिहास त्यांतून लोकांपर्यंत पोहोचेल.

४) परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी लेण्यांचे आराखडे, छायाचित्रे व स्थानिक कथा यांची नोंद करण्याचे काम हाती घ्यावे. खडक झिजत आहे आणि कथा सांगणारी पिढीही वृद्ध होत आहे.

लोहारे येथील गर्भगृहात उभ्या राहणाऱ्या पर्यटकास त्या दगडाची दोन्ही रूपे ओळखता यावीत, एवढे साध्य झाले तरी या लेण्यांच्या अभ्यासाचे सार्थक होईल.