फ्रंट लोडिंग मशिनची परीक्षा घरच्या टाकीपाशी

कपडे धुण्याचे यंत्र ही एके काळी चैनीची वस्तू मानली जात असे. आज यवतमाळ, वणी, पुसद किंवा उमरखेडच्या बाजारपेठेत दसरा-दिवाळीला सर्वाधिक चौकशी होणाऱ्या वस्तूंत तिची गणना होते. त्यातही पुढून दार उघडणाऱ्या, म्हणजेच 'फ्रंट लोडिंग' यंत्राचे आकर्षण वाढले आहे. दुकानात ग्राहकाला ड्रमची क्षमता, फिरण्याचा वेग आणि धुलाईच्या प्रकारांची संख्या सांगितली जाते. यवतमाळ जिल्ह्यात मात्र या यंत्राची खरी परीक्षा घराच्या गच्चीवरील टाकीपाशी होते.

फ्रंट लोडिंग यंत्र नवे नाही. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९३७ मध्ये घरगुती वापराचे स्वयंचलित यंत्र बाजारात आणले, ते पुढूनच उघडणारे होते. त्याच्या कंपनामुळे ते जमिनीला बोल्टने जखडावे लागे. भारतात हा प्रकार मध्यमवर्गीय घरांत पोहोचविण्यात आयएफबी कंपनीचा वाटा मोठा आहे. या कंपनीचा कारखाना गोव्यात वेर्णा येथे आहे.

पाणी कमी का लागते?

वरून कपडे टाकण्याच्या यंत्रात सर्व कपडे पाण्यात बुडावे लागतात. फ्रंट लोडिंगमध्ये ड्रम आडवा असतो. त्यातील पाती कपडे वर उचलतात आणि ते खालच्या थोड्या पाण्यात आपटतात. घाटावर धोबी दगडावर कपडे आपटतो, त्याच तत्त्वाचा हा सौम्य अवतार. साहजिकच तळाशी १२ ते १५ लिटर पाणी मुख्य धुलाईस पुरते. खळबळण्यासह सहा-सात किलोच्या यंत्राला एका वेळी साधारणतः ५० ते ६० लिटर पाणी लागते. वरून भरण्याच्या स्वयंचलित यंत्राला त्याच कपड्यांसाठी १०० लिटरहून अधिक, अनेकदा १२० लिटरपर्यंत पाणी लागते.

चौघांच्या कुटुंबात आठवड्यातून चार वेळा यंत्र लावले, तर दर खेपेस सुमारे ६५ लिटर याप्रमाणे महिन्याकाठी हजार लिटरहून अधिक पाणी वाचते. म्हणजे गच्चीवरची एक भरलेली टाकी. यवतमाळकरांना या टाकीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह या शहराची तहान भागविणाऱ्या प्रकल्पांनी तळ गाठला होता. नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येत होते आणि नागरिकांना टँकरवर विसंबावे लागले होते. बेंबळा प्रकल्पातून शहरासाठी पाणी आणण्याची योजना 'अमृत' अभियानात हाती घेण्यात आली.

दाबाचे गणित

तथापि, पाणी वाचविणाऱ्या या यंत्राची एक अट आहे. त्यात बादलीने पाणी भरता येत नाही. दार बंद झाल्यावर यंत्र नळातूनच पाणी घेते आणि त्यासाठी ठराविक दाब लागतो. बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत किमान ०.३ ते ०.५ बार दाब नमूद असतो. उंचीच्या भाषेत सांगायचे, तर टाकीतील पाण्याची पातळी यंत्राच्या नळापेक्षा किमान ३ ते ५ मीटर उंच हवी.

येथेच अनेक घरे अडतात. दहा फुटी छतावर टाकी ठेवलेली आणि यंत्राचा नळ जमिनीपासून तीन फुटांवर असेल, तर टाकी रिकामी होत आली असता उंचीतील फरक जेमतेम सात-आठ फूट, म्हणजे सव्वादोन मीटर उरतो. अशा वेळी यंत्र पाण्याची वाट पाहत थांबते आणि बिघाडाची सूचना देते. दोष यंत्राचा नसतो. टाकी लोखंडी स्टँडवर उंच करणे, यंत्र खालच्या मजल्यावर ठेवणे किंवा दाब वाढविणारा लहान पंप बसविणे, हे त्यावरील उपाय होत. त्यांचा खर्च यंत्राच्या किमतीत धरूनच तुलना करावी.

पाण्याचा जडपणा

जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या कातळाचा असला, तरी वणी, झरी-जामणी परिसरात चुनखडीचे थर आहेत. केळापूर, झरी-जामणी भागातील भूजलात फ्लोराइडचेही प्रमाण अनेक ठिकाणी अधिक आढळते. तो प्रश्न प्रामुख्याने पिण्याच्या पाण्याचा आहे. कपड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येणारा जडपणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, तर दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालण्याजोगा मानला जातो.

बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस येत नाही, पांढरे कपडे करडे पडतात आणि तापविण्याच्या कांडीवर क्षारांचा थर बसतो. म्हणून खरेदीपूर्वी पाण्याची तपासणी करून घेणे श्रेयस्कर. जडपणा अधिक असल्यास नळाला क्षार रोखणारी नळकांडी बसवावी. मात्र तिच्यामुळे दाब थोडा घटतो आणि ती वेळोवेळी बदलावी लागते, हे ध्यानात ठेवावे. क्षार साचून झालेला बिघाड हमीत धरला जातो की नाही, हे हमीपत्रात आधीच वाचून घ्यावे.

वीज आणि ऊन

या यंत्रातील तापक साधारणतः दोन किलोवॉटचा असतो. त्यामुळे १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट व उत्तम अर्थिंग अनिवार्य आहे. १५ लिटर पाणी ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास केवळ पाण्यापुरतीच सुमारे अर्धा युनिट वीज लागते. मे महिन्यात यवतमाळच्या गच्चीवरील टाकीतले पाणी मुळातच कोमट असते, तेव्हा रोजच्या कपड्यांना तापक लावण्याचे कारण उरत नाही. वीज गेल्यास राहिलेल्या टप्प्यापासून काम पुढे सुरू होते का, हेही विचारावे. कारण एका धुलाईस एक ते दोन तास लागू शकतात.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१९ मध्ये वॉशिंग मशिनसाठी ऐच्छिक तारांकन सुरू केले. त्यात विजेबरोबरच पाण्याच्या वापराचाही विचार होतो. पिळण्याचा वेग मिनिटाला १००० फेऱ्या असला, तरी विदर्भाच्या उन्हात कपडे पुरेसे लवकर वाळतात. पावसाळ्यात घरातच वाळत घालावे लागत असतील, तर १२०० फेऱ्या उपयोगी पडतात.

यंत्र घरी आल्यावर

वाहतुकीसाठी ड्रमला लावलेले बोल्ट काढल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. अन्यथा ते जागेवरून सरकते व आतील भाग निकामी होतात. फरशीवर चारही पाय समतल करून घ्यावेत. पहिली फेरी कपड्यांविना चालवून गळती व आवाज तपासावा. साध्या पावडरीचा फेस या यंत्रास मानवत नाही. कमी फेसाची पावडर वापरावी. धुणे झाल्यावर दाराभोवतीचे रबर पुसून दार थोडे उघडे ठेवल्यास बुरशी व कुबट वास टळतो. तळाशी उंदरांसाठी जाळी बसविणेही आवश्यक आहे. वायर कुरतडल्याने झालेले नुकसान हमीत क्वचितच भरून मिळते.

दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ कोठून येणार, हा प्रश्न वणी, पुसद व उमरखेडच्या ग्राहकाने पैसे देण्यापूर्वीच विचारावा. जिल्ह्याच्या मुख्यालयापासून ही शहरे दूर आहेत.

निवड कोणाची?

गच्चीवर पुरेशा उंचीची टाकी, मध्यम जडपणाचे पाणी आणि स्थिर वीज असेल, तर अधिक किंमत मोजूनही फ्रंट लोडिंग यंत्र टंचाईच्या गावात हिताचे ठरते. धुण्याचे निघालेले पाणी अंगण वा शौचालयासाठी साठविल्यास लाभ दुणावतो. मात्र ज्या घरात नळाचे पाणी थेट पिंपात भरले जाते, तेथे बादलीने भरता येणारे आणि खळबळलेले पाणी पुढच्या धुण्यास वापरू देणारे अर्धस्वयंचलित यंत्रच शहाणपणाचे होय. अशा घरात महागडे यंत्र आणले, तरी ऐन उन्हाळ्यात गृहिणीला पुन्हा धुण्याच्या दगडापाशी बसावे लागेल.