नागली, वरई आणि त्र्यंबकचा उपास

त्र्यंबकेश्वरचा इतिहास सांगावयास उभा राहिलेला वक्ता बहुधा देवळापासून सुरुवात करतो. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली काम सुरू केले आणि ते १७८६ पर्यंत चालले, हे आपण अनेकदा ऐकले आहे. कुशावर्ताविषयी, निवृत्तिनाथांच्या समाधीविषयी, सिंहस्थाविषयी माझ्याहून अधिकारी माणसांनी लिहून ठेवले आहे. माझा प्रश्न त्यापेक्षा साधा आहे. ब्रह्मगिरीच्या आसऱ्याने जी माणसे पिढ्यान् पिढ्या राहिली, ती रोज काय जेवली? आणि त्यांच्या त्या जेवणाचे पुढे काय झाले?

प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु या क्षेत्राची जी मूळ कथा आपण सांगतो तीही अन्नाचीच कथा आहे. दुष्काळ पडला होता, गौतमाच्या आश्रमात तेवढा भात पिकत होता आणि त्या भातावर बाकीची ऋषिमंडळी जगत होती. पुढे शेतात गाय शिरली, गौतमाने ती दर्भाने हाकलली, ती मेली, आणि ते पाप धुण्यासाठी गोदावरी खाली आली. कथेला कोणी इतिहास म्हणू नये. तथापि ती रचणाऱ्याला एवढे पक्के ठाऊक होते की ज्याच्या घरात धान्य असते त्याच्याभोवती माणसे जमतात, आणि त्याचा हेवाही करतात. तो भात लावला कोणी, कांडला कोणी, हे कथेत नाही. ऋषींच्या कथांत ते नसतेच.

त्र्यंबकच्या परिसरात मांसावाचूनच्या जेवणाचे दोन इतिहास शेजारी शेजारी नांदत आले आहेत. एक गावातला. तेथे नैवेद्याचे वरण-भात आणि पुरण आहे, चातुर्मासात कांदा-लसूण-वांगे वर्ज्य करणे आहे, एकादशी आहे, श्रावणातल्या सोमवारचा उपास आहे. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणारी हजारो माणसे उपासाच्या फराळावर डोंगर चालतात. हा व्रताचा आहार; त्याचे नियम पोथीत लिहिलेले आहेत. दुसरा इतिहास गावाबाहेरच्या पाड्यांतला. महादेव कोळी, ठाकूर, कोकणा, वारली यांच्या घरी जे रोज शिजत असे ते कोणत्याही पोथीत नाही. त्यात व्रत नव्हते. डोंगर जे देतो ते खावयाचे, एवढाच नियम होता.

डोंगर देत असे ते हे: खाचरात भात आणि उताराच्या जमिनीवर, म्हणजे वरकसावर, नागली, वरई, सावा आणि खुरासणी. नागली म्हणजे कोकणातली नाचणी. या पिकांचा एक क्रम ठरलेला असे. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, आणि मग जमीन काही वर्षे पडीक सोडावयाची. जोडीला उडीद आणि कुळीथ. शेतकी शाळेत न गेलेल्या माणसांनी ठरविलेला हा क्रम आहे; जमीन हलकी, पाऊस दांडगा, आणि उतारावरची माती वाहून जाणारी, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातले शहाणपण कळते.

आता चुलीपाशी जाऊ. नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. म्हणून पाणी उकळावयाचे, त्यात पीठ घालून उकड काढावयाची, ती गरम असतानाच मळून हातावर भाकरी थापावयाची. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावयाचा, मग उलटून निखाऱ्यावर फुगवावयाची. ज्याने हे केले नाही त्याला ते सोपे वाटते. सोबत सालीसकट भरडलेल्या उडदाची आमटी, नाही तर कुळथाचे पातळ पिठले, आणि खुरासणी भाजून लसूण-मिरचीबरोबर वाटलेली काळी चटणी. सकाळी कामावर निघताना नागलीची आंबील. तेल खुरासणीचे, किंवा मोहाच्या बियांचे. घरची गुरे शेतीसाठी आणि शेणासाठी. दूध थोडे, आणि जे निघे ते बहुधा बाजारात जाई. म्हणजे या ताटात मांस तर क्वचितच असे, पण तूप-दूधही नसे. आजकाल शहरात मोठ्या विचारपूर्वक असा केवळ वनस्पतींचा आहार पत्करणारी माणसे आहेत. त्यांच्या कितीतरी आधी आमच्या डोंगरात तो गाजावाजा न होता चालू होता.

या ताटाची किंमत पोषणाच्या हिशेबाने करून पाहावी. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे एकशेवीस, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात दहासुद्धा भरत नाही. धान्याला डाळीची जोड मिळाली म्हणजे एकातील प्रथिनांची उणीव दुसरे भरून काढते. खुरासणीत तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक तेल असते. शिवाय नागलीला कीड लागत नाही. शेणाने सारवलेल्या कणगीत ती वर्षानुवर्षे टिकते. दुष्काळाचा विमा म्हणतात तो हा.

उगाच गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. खाचरातले खेकडे, ओहोळातले मासे, घाटाखालून आठवड्याच्या बाजारात येणारे सुके बोंबील हेही खाल्ले जात, आणि आवडीने खाल्ले जात. आपण शाकाहारी आहोत असा त्या माणसांनी कधी दावा केला नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही, हे आता शास्त्राने सांगितले आहे; तेव्हा त्या थोड्याशा खेकड्या-मासळीला आणि ताकाला त्या जेवणात आपले काम होते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला येऊन ज्यांनी तुळशीची माळ घातली त्यांनी तेही सोडले. माळकऱ्याच्या घरी त्यामुळे ताट फारसे बदलले नाही. बदलले ते गावाचे त्याच्याकडे पाहणे. तीच नागली, तोच उडीद. पण आता ते माळकऱ्याचे अन्न झाले आणि त्याला थोडा मान आला. या मानापमानाकडे इतिहासकारांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

हे जेवण पुरत असे का? बारा महिने पुरत नसे. नागली-भात घरात येई दिवाळीच्या सुमारास, आणि ज्येष्ठ-आषाढात कणगी रिकामी होई. नेमक्या लावणीच्या दिवसांत, म्हणजे सर्वांत कष्टाच्या दिवसांत, घरात दाणा नसे. तेव्हा रान उपयोगी पडे. पहिल्या पावसाबरोबर शेवळे, मग टाकळा, कुरडू, फोडशी, करटोली, बांबूचे कोंब. शेवळ्याला आणि रानातल्या अळूला खाज असते, म्हणून त्यात आंबट घालावे लागते. कडूकंद तर तसाच खाल्ला तर बाधतो. तो कापून, राखेच्या पाण्यात उकळून, वाहत्या ओहोळात ठेवून, कडूपणा गेल्यावर खावयाचा. ही विद्या बायकांची. आज शहरांत रानभाज्यांची प्रदर्शने भरतात आणि लोक कौतुकाने जातात. जावे. मात्र त्या भाज्यांचा हंगाम आणि भुकेचा हंगाम एकच होता, हे प्रदर्शनातल्या पाटीवर लिहिलेले नसते.

रानाने भागले नाही की सावकार. त्याच्याकडून जे धान्य उसने आणावयाचे त्याला ‘खावटी’ म्हणत. आषाढात आणलेले सुगीला दीडपट नाही तर दुप्पट करून द्यावयाचे. म्हणजे पुढच्या वर्षीची कणगी आणखी लवकर रिकामी. पुढे सरकारने आदिवासींना या दिवसांसाठी कर्ज देण्याची योजना काढली तिलाही खावटी हेच नाव दिले.

या जेवणावर पहिला मोठा घाव घातला तो कायद्याने. नागलीचे रोप करण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून ते जाळावे लागते. याला राब म्हणतात. राबासाठी रान मोकळे पाहिजे. १८७८ च्या वनकायद्याने रानाला कुंपण घातले. राखीव जंगलातून फांदी तोडली तर गुन्हा, पडीक टाकलेल्या वरकसावर पुन्हा नांगर घातला तर गुन्हा. ठाणे-कुलाब्याकडे राबावरून एवढा असंतोष झाला की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याच दोन जिल्ह्यांत १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले वेचून साठविण्यावर निर्बंध आले. दारू थांबवावयाची म्हणून कायदा, पण तीच फुले उन्हाळ्यात माणसांच्या पोटात जात, याची पंचाईत कोणाला नव्हती. जमिनीचा हा प्रश्न अजून मिटलेला नाही. २००६ चा वनहक्क कायदा झाला. तरीही त्याच कायद्याखालील पट्ट्यांसाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांना पायी जावे लागले. मोर्चात आमच्या डोंगरातली हजारो माणसे होती. शिधा बरोबर घेऊन, रस्त्याकडेला शिजवून खात ती चालली, आणि दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला.

दुसरा घाव रेशनने घातला, असे म्हटले तर काहीजण माझ्यावर रागावतील. रेशनसाठी आम्ही चळवळीतल्या माणसांनी मोर्चे काढले आहेत आणि पुन्हा काढू. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले नसते तर गिरणगावाचे काय झाले असते, ते त्या वर्षीच्या बंगालकडे पाहून समजावे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन महाराष्ट्र जगला. त्या काळात दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे पन्नास लाख माणसे होती. हे सर्व मान्य. परंतु रेशनच्या दुकानात जे आले ते गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य किलोला एक रुपयाने द्यावे असे लिहिले होते, आणि जानेवारी २०२३ पासून तर धान्य फुकट मिळू लागले. आमच्या पाड्यांत मात्र पोत्यातून निघतो तो बहुधा पांढरा तांदूळच. तो मिळाल्यावर उतारावर नागली लावणार कोण? लावणीला चिखलात वाकावयाचे, कापणीला कणीस कणीस खुडावयाचे, मग मळणी, मग दळण. माणूस आळशी झाला असे म्हणणाऱ्यांनी एक दिवस ते करून पाहावे.

आणि लाजही आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेवर कामगार असलेल्या कारखान्याला उपाहारगृहाची सक्ती केली, तेव्हापासून कामगारांच्या ताटात काय असावे याचा विचार आमच्या कामाचा भाग झाला. अशा समित्यांत मी बसलो आहे. चपाती पातळ का, डाळीत पाणी किती, यावर तासन् तास भांडणे ऐकली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची पोरे त्यात पुष्कळ असत. पण नागलीची भाकरी द्या असे त्यांच्यापैकी कोणी कधी मागितले नाही. घरून डबा आणला तर काळी भाकरी दिसू नये म्हणून झाकण आड धरून खाणारा मुलगा मी पाहिला आहे. पांढरा भात म्हणजे प्रतिष्ठा, काळी भाकरी म्हणजे गरिबी, हा हिशेब त्याला शहरात कोणी शिकवावा लागला नव्हता.

वरईची गोष्ट याहून विलक्षण आहे. वरई कांडून जी निघते ती भगर. पाड्यावर ती गरिबाचा भात म्हणून शिजे. गावात तीच उपासाला चालते. एकादशीला भात-भाकरी वर्ज्य, भगर मात्र ग्राह्य. उपासाचे इतर पदार्थ पाहा: साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही सारी अमेरिका खंडातून आलेली आणि पोर्तुगीज येण्यापूर्वी आपल्याला माहीत नसलेली. त्या फराळाच्या ताटात ब्रह्मगिरीची खरी रहिवासी एकटी भगर आहे. ज्याचे रोजचे जेवण तोच दुसऱ्याचा उपास, असा हा प्रकार आहे. आणि डोंगरातला दाणा शहरातल्या सोवळ्यात शिरला तो या एकाच वाटेने.

त्याचा पैसा कोणाकडे गेला तेही पाहिले पाहिजे. नाशिकला भगरीच्या गिरण्या आहेत. वरईचे टरफल काढणे मोठे जिकिरीचे. पूर्वी बायका पहाटे उठून उखळात मुसळाने कांडीत, आणि दोन वेळच्या जेवणापुरती भगर काढावयास तासाहून अधिक वेळ जाई. दाणा इतका बारीक की जात्यावर भरडताना कण्या होत, पाखडताना वाऱ्याने उडून जात. पाड्यापर्यंत पिठाची चक्की आली आणि नागलीचे जाते सुटले. टरफल काढणारे यंत्र मात्र आले नाही. म्हणून शेतकरी वरई टरफलासकट व्यापाऱ्याला विकतो, गिरणीत ती पांढरी होते, आणि एकादशीच्या आदल्या दिवशी किराणा दुकानात कितीतरी चढ्या भावाने मिळते. केंद्र सरकार ज्या धान्यांची आधारभूत किंमत जाहीर करते त्या यादीत ज्वारी, बाजरी आणि नाचणी आहेत, वरई नाही. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, त्या वर्षीही ती नव्हती.

पाड्यावरची बाई वरई विकून आलेल्या पैशातून मीठ, तेल, मिरची घेते. भात तिला रेशनचा आहे. मुसळ अजून घराच्या कोपऱ्यात उभे असते. घरच्यापुरती शेर-दोन शेर वरई ठेवलेली असली तर सणाला बाहेर निघते, आणि कांडायला सासू बसते, कारण सुनेला ते आता येत नाही.